शेजारच्या खाटेचं दुखणं

धाकटीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तिच्या सेवेला चिमटी सहा आठवड्यांची रजा काढणार हे पक्कं झालं, आणि त्याच आठवड्यात थोरलीचाही गुडघा कामातून गेला.

दोघी सख्ख्या जावा, त्यामुळे घरात याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. धाकटीनं शिवणयंत्र घेतलं तेव्हा थोरलीला अचानक शिवणाची ओढ लागली होती. धाकटीची दाढ काढली तेव्हा थोरलीनं दोन काढून घेतल्या होत्या. या खेपेला मात्र एक घोटाळा झाला. थोरली खोटं खोटं लंगडत डॉक्टरांकडे गेली, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही आजवर चालत होता ते कशाच्या जोरावर?" गुडघ्यात गादी म्हणून उरलीच नव्हती. हाडावर हाड घासत होतं. किती वर्षं घासतंय, असं विचारल्यावर थोरली म्हणाली, "घासत असेल." खोटं बोलायला निघालेलं माणूस इतकं खरं निघाल्याचं त्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

तारीख तिनं धाकटीचीच मागून घेतली. शिवाय मानानं आपण मोठ्या, म्हणून टेबलावर आधी आपण.

आता ऑपरेशनं होऊन दोघी हॉस्पिटलच्या एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर पडून होत्या. थोरलीचा उजवा पाय आणि धाकटीचा डावा पाय, दोन्ही सारख्याच पट्ट्यांत, सारख्याच उशांवर. ही व्यवस्था ब्रदरनं, म्हणजे तिथल्या पुरुष नर्सनं, केली होती. तो दूरच्या मुलखातून आलेला होता, भाषा पुस्तकातून शिकला होता आणि नुकताच रुग्णांच्या चालीरीती समजून घेण्याच्या शिबिराला जाऊन आला होता. शिबिरात त्याला सांगितलं होतं की काही कुटुंबांत माणसं एकत्र असली की लवकर बरी होतात. ऑपरेशनच्या आधी त्यानं दोघींना समोर बसवून विचारलंही होतं, "स्पर्शासंबंधी आपले काही नियम आहेत काय?"

"आहे ना," धाकटी म्हणाली होती. "ह्यांनी मला हात लावायचा नाही."

ब्रदरनं ते आदरानं लक्षात ठेवलं होतं आणि खाटांमध्ये हातभर अंतर राखलं होतं.

त्या हातभर अंतरात आता चिमटी स्टुलावर बसली होती. चिमटी म्हणजे थोरलीची मुलगी. जन्मली तेव्हा चिमटीएवढी होती, आता वजनमापं खात्यात निरीक्षक होती आणि दुकानदार तिला पाहून काट्याखालचं लोहचुंबक काढून ठेवत. तिच्या लहानपणी थोरली दिवसभर कचेरीत असायची, तेव्हा चिमटी समोरच्या दारात, धाकटीकडे राहायची. धाकटीला मूलबाळ नव्हतं. थोरलीनं मुलगी फक्त सांभाळायला दिली होती. पण रोज संध्याकाळी परत घेताना ती थोडी कमी भरते, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं. पुढे दोघींचे नवरे, ते सख्खे भाऊ, एकापाठोपाठ गेले. दोन दारं समोरासमोर राहिली आणि त्यांच्यामधला जिनाही दोघी आळीपाळीनं झाडत असत, आपापल्या अर्ध्यापुरता.

चिमटीनं येताना दोन फुलांचे गुच्छ आणले होते. थोरलीनं दोन्हींतली फुलं मोजली. सारखी निघाली. चिमटीनं सकाळी आईची वेणी घातली होती आणि मग काकूची. दोघींना सूप पाजलं, तेही एक चमचा इकडे आणि एक चमचा तिकडे. खात्यातली माणसं तिच्या या सचोटीचं कौतुक करायची. थोरलीला मात्र ती बघवत नव्हती. सख्ख्या आईला आणि शेजारणीला समान वागणूक, हा कुठला न्याय?

"चिमटे, स्टूल जरा इकडे घे," थोरली म्हणाली. "वारा लागत नाही मला."

"वारा म्हणजे मी का, आई?"

"पंखा अडतोय तुझ्यानं."

"राहू दे गं चिमटे तिथंच," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंना पंखा दिसला म्हणजे झालं."

तेवढ्यात ब्रदर आला. आल्यावर तो एकच प्रश्न विचारायचा, आणि दोघींना अगदी सारख्या आवाजात. "शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य वेदना. आपली वेदना किती आहे?"

सकाळी पहिल्यांदा विचारलं तेव्हा थोरली म्हणाली होती चार. ते ऐकून धाकटी म्हणाली तीन. पुढच्या फेरीला ब्रदरनं न्यायानं धाकटीपासून सुरुवात केली. ती म्हणाली दोन, थोरली म्हणाली एक. जेवणाआधी दोघी शून्यावर आल्या होत्या. आता पाळी थोरलीची होती.

थोरलीच्या गुडघ्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवत होतं. घाम मानेवरून उशीत चालला होता. पण हे घर असं होतं की सासऱ्यांचं बोट छापखान्यातल्या यंत्रात गेलं तेव्हा ते "जरा फडकं द्या" एवढंच म्हणाले होते, आणि तेही फडक्याला थोडं लांबलचक वाक्य झालं असं सासूबाईंचं मत पडलं होतं. त्या घरात कुणी "मला दुखतंय" म्हणत नसे. आणि धाकटी सून तर टाचणी टोचली तरी बोलायची नाही, असं सासूबाई थोरलीला ऐकवून म्हणायच्या.

"शून्य," थोरली म्हणाली.

"आणि आपली?"

धाकटीनं छताकडे पाहत जरा विचार केला. "उणे एक."

"उणे दोन," थोरली म्हणाली.

"क्षमा करा," ब्रदर म्हणाला, "उण्याची सोय नाही."

त्यानं दोघींपुढे वेदनाशामकाची साधी गोळी ठेवली. हवी असल्यास अधिक प्रभावी औषध देता येईल, असंही सांगितलं. दोघींनी दुसरी काय म्हणते याची वाट पाहिली, दुसरी काहीच म्हणाली नाही, म्हणून दोघींनीही नको म्हटलं. मागोमाग व्यायाम घ्यायला एक तरतरीत बाई आली. तिनं गुडघा वाकवायला सांगितलं. थोरलीचा गुडघा वाकला नाही. धाकटीचाही नाही.

"दुखत नाही, तर मग वाकत का नाही?" बाईनं विचारलं.

"स्वभाव," थोरली म्हणाली.

बाई गेली आणि दादा आला. दादा म्हणजे थोरलीचा मुलगा. तो गाडी चालवायला शिकवायचा, आणि कुणी काही चुकीचं बोललं की त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. त्यानं आधी चिमटीला बाहेर चहाला पाठवलं आणि आईच्या कानाशी वाकला.

"आई, चिमटी तुझ्याकडेच राहायला पाहिजे. मी बोलतो तिच्याशी."

थोरलीला भरून आलं. "तुला कळतंय म्हणजे."

"कळणार नाही का? नाहीतर तुझं सगळं माझ्या बायकोवर येईल."

भरून आलेलं तिनं परत खाली ढकललं. पण मदत ती मदत. "बोल मग. आजच बोल. काकूला काय, पैसे टाकून बाई ठेवता येईल."

"मला ऐकू येतंय," शेजारून आवाज आला. "गुडघा बदललाय माझा, कान नाहीत."

दादाचा पाय ब्रेकवर गेला. तो वळून काकूच्या खाटेकडे गेला. धाकटी त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली. थोरलीनं डोळे मिटले आणि कान उघडले.

"तुझी शिकवायची गाडी रस्त्यावर उभी असते ना रे? पक्ष्यांनी पार रंगवून ठेवलीय. आमची खालची जागा मोकळीच आहे. हे गेल्यापासून."

"काकू, छप्पर आहे तिथं."

"छप्पर आहे, नळ आहे. चिमटी माझ्याकडे असली म्हणजे किल्ली तिच्याकडेच राहील."

दादा आईच्या खाटेशी परतला तो वेगळाच माणूस होता. "आई, मी काय म्हणतो. काकूला मागंपुढं कुणी नाही. आणि तू किती छान दिसतेयस. टवटवीत."

"घामानं," थोरली म्हणाली. "एका छपराला विकलास."

"नळ पण आहे," दादा म्हणाला.

थोरलीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. पाय फिरत नव्हता म्हणून फक्त तोंड फिरवता आलं, आणि तोंड फिरवलं तर समोर धाकटी. तेव्हा तिला ते दिसलं.

धाकटी चादरीचा काठ बोटांनी सपाट करत होती. सपाटच असलेला काठ परत सपाट. ही सवय थोरलीनं किती वेळा पाहिली होती. धाकटीला दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत, त्या दोन्ही वेळी ती जेवणाच्या टेबलावर बसून असाच टेबलक्लॉथ सपाट करत होती आणि सगळ्यांना आणखी काय वाढू विचारत होती. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोरलीच्या आलं होतं, कारण तिचं लक्ष दुसरीकडे कुठे नसायचंच. धाकटीचं लुगडं, धाकटीची भांडी, धाकटीचं हसणं, यांवर तिनं आयुष्यभर डोळा ठेवला होता. एवढ्या बारकाईनं नवऱ्यानंही बायकोला पाहिलं नसेल.

काठ सपाट करता करता धाकटी मधेच डोळे मिटत होती. गुडघ्यासाठी नाही, गुडघ्याचं दुखणं कसं येतं ते थोरलीला स्वतःच्या खाटेवर कळत होतं. धाकटी चांगल्या पायाचा अंगठा लांबवून डाव्या पोटरीला टेकवायची आणि चटकन काढून घ्यायची. ऑपरेशननंतर दोघींना घट्ट मोजे घातले होते, त्यातला धाकटीचा डाव्या पायावर जास्तच रुतला होता. मोज्याच्या वरची कातडी तुकतुकीत दिसत होती.

पोटरी दुखली, सुजली, तर लगेच सांगा, असं ब्रदरनं सकाळी बजावलं होतं. पायात रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती सुटून वर गेली तर जिवावर बेतू शकतं. त्यानं ते दोघींना दोनदा सांगितलं होतं, सारख्याच आवाजात. पण उणे एक सांगून बसलेल्या बाईनं आता पोटरी कुठल्या तोंडानं सांगायची?

थोरलीनं छताकडे पाहिलं.

सांगावं, तर काय होईल ते तिला दिसत होतं. धावपळ होईल, डॉक्टर येतील, आणि चिमटी धाकटीच्या खाटेला चिकटेल ती सहा आठवडे सुटणार नाही. जिवावरचं दुखणं म्हटल्यावर साध्या गुडघ्याला कोण विचारतो? इथंही धाकटीनंच बाजी मारली. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडून, तेच ऑपरेशन करून घेऊनही तिचं दुखणं वरचढ निघावं, याला काय म्हणायचं?

आणि नाही सांगितलं, तर? तर काही नाही. कुणाला कळणारही नाही की थोरलीला कळलं होतं.

चिमटी चहा पिऊन आली, आणि तिच्या मागून ब्रदर.

"माझी एक शंका आहे," तो म्हणाला. "या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी शून्य सांगणारे रुग्ण मी पाहिले नाहीत. येथे दोन आहेत. माझा प्रश्न आपल्या रीतीला धरून नाही काय? मी दोघींना समान विचारले, समान औषध दिले. मला वाटले, हाच न्याय."

चिमटीनं दोघींकडे पाहिलं. आईच्या उशीवरचा घाम पाहिला. मग खात्यातल्या आवाजात म्हणाली, "ब्रदर, काटा स्वतःचं वजन सांगत नाही. आमच्या घरी स्वतःचं कुणी बोलत नाही. तुम्ही हिचं तिला विचारा आणि तिचं हिला. एकेकीच्या कानाशी जाऊन."

"परंतु त्या एकमेकींचे खरे सांगतील काय?"

"एकमेकींबद्दल त्या गप्प बसल्याचं मला आठवत नाही."

ब्रदर थोरलीच्या खाटेशी वाकला. त्याच्या अंगाला साबणाचा वास होता. "आपल्या जाऊबाईंची वेदना किती आहे?" त्यानं हळूच विचारलं.

थोरलीच्या जिभेवर शून्य होतं. धाकटी स्वतःच तेवढंच सांगत होती. खोटं पाडायला कुणी येणार नव्हतं, आणि खोटं म्हणायलाही ते धाकटीचंच होतं.

शेजारी बोटं काठ सपाट करत होती.

"आठ," थोरली म्हणाली. मग कानाशी वगैरे काही न ठेवता, खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि ते गुडघ्याचं नाही. डाव्या पोटरीचं आहे. मोजा काढा तिचा. जेवणाआधीपासून लपवतेय."

"जाऊबाई, तुम्हाला कुणी विचारलं?" धाकटी म्हणाली.

"यानं."

ब्रदरनं मोजा उतरवला आणि मग तो पुस्तकातलं काहीच बोलला नाही. त्यानं टेपानं दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि भिंतीवरची घंटा दाबली. डॉक्टर आले, त्यांनी पाय हलवू नका म्हणून सांगितलं, आणि तपासणीसाठी धाकटीची खाटच चाकांवरून बाहेर काढली. चिमटी उठली. एक क्षण ती दोन्हींच्या मधे उभी राहिली, ओझं कुठे टाकावं ते न कळणाऱ्या हमालासारखी. मग खाटेच्या कठड्याला धरून धाकटीबरोबर गेली. दादाही गेला, काकूला काही झालं तर त्या जागेचं काय, असा चेहरा करून.

थोरलीच्या शेजारी फरशीचा रिकामा चौकोन उरला. ऐकणारं कुणी नव्हतं. तिनं जरा वाट पाहिली आणि मग कण्हून पाहिलं. आधी हळू, बरं वाटतं का बघायला. मग नीट. आवाज सासरच्या कुणाचाच वाटला नाही. तिचा स्वतःचा होता आणि बरीच वर्षं आत राहिल्यानं घोगरा झाला होता.

"ती वाचेल ना?" ब्रदर दारात दिसला तेव्हा तिनं विचारलं.

"वेळेवर समजले आहे. गाठ असली तर औषध लगेच सुरू होईल." तो जवळ आला. "आणि आपली वेदना?"

"तिला विचारा. तुमची रीत ठरलीय ना आता?"

"त्या येथे नाहीत."

"मग येईपर्यंत थांबा," थोरली म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली. एक शब्द बोलला की झालं असतं. पण धाकटी तिकडे मरणाशी झुंजत असताना आपण इथं गुडघा सांगायचा, म्हणजे स्वतःहून दुसरा नंबर घ्यायचा.

ब्रदर थांबला. खरोखरच खुर्ची घेऊन थांबला.

काही वेळानं चिमटी धापा टाकत आत आली. एकटीच.

"गाठ आहे. लहान आहे. औषध चालू केलंय, धोका टळलाय म्हणाले." तिनं पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही. "काकूनं मला हाकललं तिथून. म्हणाली, तुझ्या आईचं नऊ आहे, सकाळपासून दातावर दात दाबून पडलीय, तू इथं काय करतेस?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिकडे सुया टोचून घेतानाही तिचं लक्ष इकडेच. आणि मुलगी परत पाठवायचा मोठेपणाही तिनंच घेतला.

"तिला काय कळतंय?" थोरली ब्रदरला म्हणाली. "साडेनऊ."

ब्रदर औषध आणायला गेला. चिमटी स्टुलाकडे वळली, पण स्टूल होतं तिथं आता मध्य उरला नव्हता. ती आईच्या खाटेवर, उशाशी बसली. थोरलीनं तिचा हात पकडला. घाईत जरा जोरातच पकडला गेला.

"सहा आठवडे माझ्याकडे राहा," ती म्हणाली. "मला तू पाहिजेस."

"आई, तू विचारलंच नव्हतंस," चिमटी म्हणाली.

"तिनं विचारलं होतं?"

"तारीख ठरली त्याच दिवशी. जिन्यात थांबवून. म्हणाली, मला भीती वाटते, येशील का?"

भीती वाटते. धाकटी असं म्हणाली होती, जिन्यात, स्वतःच्या तोंडानं. सासूबाई असत्या तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. थोरलीला मात्र हेवा वाटला, आजवरच्या सगळ्या हेव्यांहून मोठा. शिवणयंत्राचा, दाढेचा, मुलीचा, सगळ्यांचा त्यापुढे पोरखेळ झाला. एवढं साधं वाक्य होतं आणि ते तिच्या आधी धाकटीला सुचलं होतं.

"मला पण वाटते," ती म्हणाली.

"बरं," चिमटी म्हणाली. "काकूला अजून इथं ठेवणार आहेत. आधी तुझ्याकडे येते. ती घरी आली की तिच्याकडे."

"म्हणजे आठवडे वाटून?"

"सारखे."

"सारखेच ना," थोरली पुटपुटली. हात मात्र तिनं सोडला नाही. ब्रदरनं औषध नळीतून सोडलं, आणि सळई फिरवणारा जो कोणी होता त्याचा हात हळूहळू सैल पडला.

संध्याकाळच्या आधी खाट परत आली. धाकटी पांढरी पडली होती, हातात नवी सुई, पाय आणखी एका उशीनं उंच केलेला. थोरलीनं उशा मोजल्या. एक जास्त होती. ब्रदरनं खाट पूर्वीच्या अंतरावर लावली आणि दोघींना नमस्कार करून तो गेला. चिमटी औषधांचं विचारायला त्याच्या मागं गेली.

"साडेनऊ म्हणालात म्हणे," धाकटी छताला म्हणाली.

"हो."

"नऊच होतं."

थोरलीनं धाकटीच्या उशा पुन्हा एकदा मोजल्या. नऊच होतं.